साडेतीन तोळ्यांचा पाहुणा

समुद्राला वास असतो हे कोकणातल्या पोराला सांगावं लागत नाही आणि घाटावरच्या पोराला सांगून पटत नाही. आमची आजी, जिने उभ्या जन्मात होडीत पाय ठेवला नव्हता, ती ओटीवर तांदूळ निवडता निवडता मधेच मान वर करायची, नाक आक्रसून दोनदा हुंगायची आणि म्हणायची, "दर्याचा वास पालटलाय रे आज. होड्या वर ओढायला सांगा." आणि एक-दोन दिवसांत खरंच वारं उठायचं. आता ती बरोबर ठरली तेवढे दिवस आम्ही लक्षात ठेवले आणि चुकली ते सगळे विसरून गेलो, हे मला कितीतरी वर्षांनी, शाळेत पोरांना विज्ञान शिकवता शिकवता उमगलं. पण तोवर आजी वर गेली होती आणि तिच्याशी वाद घालायची सोय उरली नव्हती. आज मात्र मी तिच्या नाकाची बाजू घेऊन बोलणार आहे. समुद्राच्या वासाची जी गोष्ट मला म्हातारपणी कळली, ती तिच्या कानावर पडली असती तर "मग मी काय वेगळं सांगत होते?" म्हणून तिने हातातलं सूप खाली आपटलं असतं.

तर बसा नीट. तो कंदील जरा अलीकडे घ्या, वात खाली करा, नाहीतर काच काळी होईल.

अशीच एक जूनची रात्र होती. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वाडीत वीज आलेलीच नव्हती, त्यामुळे ती जाण्याची भीती नव्हती. पागोळ्या धो धो वाहत होत्या, माड अंगात आल्यासारखे घुमत होते, आणि ओटीवर कंदिलाभोवती आम्ही सगळी पोरं आजीला चिकटून बसलो होतो. एवढ्यात बाहेरच्या काळोखातून मुठीएवढं काहीतरी आलं, कंदिलाच्या काचेवर आपटलं आणि थेट आजीच्या पुढ्यातल्या सुपात पडलं. वटवाघूळ समजून आम्ही किंचाळलो. आमचा काका मचव्यावर तांडेल होता. त्याने ते अलगद ओंजळीत उचललं. पाखरू होतं. बुलबुलाएवढं, काजळीसारखं काळं, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, काटकुळे लांब पाय, आणि बोटांमधल्या पडद्यावर कुणीतरी हळदीचं बोट टेकवल्यासारखा पिवळेपणा. चोचीवर इवलीशी नळी. काका म्हणाला, "हे खाडीतलं नव्हे, बाहेरच्या पाण्यातलं. आम्हाला भेटतात ही. पाण्यावर चालतात." पाखरू पाण्यावर चालतं म्हटल्यावर आम्ही हसायला लागलो, तेवढ्यात त्याने उग्र वासाचं तेल आजीच्या लुगड्यावर ओकलं. आजीने पदर नाकाशी नेला, आणि चिडायचं सोडून गंभीरपणे म्हणाली, "दर्याचाच वास आहे."

रात्रभर ते पाखरू टोपलीखाली ठेवलं आणि सकाळी वारा पडल्यावर काकाने खडकावर नेऊन सोडलं. ते पाण्यावर उतरलं, पंख पसरले आणि खरंच, लाटेवर टपटप पाय मारत, पोरगी लंगडी खेळत जावी तसं दूर गेलं. तेव्हा कुठे आम्ही काकाची माफी मागितली.

त्या पाखराचं नाव मला तीस वर्षांनी, पक्ष्यांच्या एका जाडजूड पुस्तकात सापडलं. इंग्रज त्याला विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल म्हणतात. येशूचा पीटर नावाचा शिष्य पाण्यावर चालला होता, त्यावरून 'पेट्रेल' पडलं म्हणे. आपण त्याला वादळपाखरू म्हणू. वजन किती? पस्तीस-चाळीस ग्रॅम. म्हणजे सोनाराच्या तराजूत साडेतीन तोळे, धरून चला. आणि गाव कुठलं? तर अंटार्क्टिका! तिथल्या आणि तिथून जवळच्या बेटांवरच्या दगडांच्या फटींत हे पाखरू वर्षाला एकच अंडं घालतं, आणि तिकडे हिवाळा पडायला लागला की समुद्र तुडवत उत्तरेला येतं. आपल्या अरबी समुद्रावर ते पावसाळ्याच्या आगेमागे येतं. नकाशावर सरळ रेघ मारली तरी नऊ हजार किलोमीटर भरतात, आणि पाखरं काही रेघ मारून उडत नाहीत. मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ त्या सुपाचा विचार करत बसलो.

आता या पाहुण्याचं गाव जरा बघून येऊ, कारण त्या गावाची एक तऱ्हा आहे. ते दरवर्षी फुगतं आणि दरवर्षी आटतं. जमीन तेवढीच राहते, पण भोवतीचा समुद्र गोठतो. आपल्याकडे महाशिवरात्रीच्या सुमारास, म्हणजे फेब्रुवारीत, तिथला उन्हाळा सरत आलेला असतो आणि समुद्रावरचा बर्फ उरतो सरासरी तीस लाख चौरस किलोमीटर, आपल्या भारताहून थोडा कमी. मग तो वाढायला लागतो तो आपले गणपती येऊन गेले तरी वाढतच असतो, आणि सप्टेंबरात भरतो तेव्हा एक कोटी ऐंशी लाखांच्या पुढे गेलेला असतो. साडेपाच भारत. माणसाने जगभर जे जे काही बांधलं ते सगळं एकीकडे ठेवा. सहा-सात महिन्यांत साडेचार भारत एवढी फरशी समुद्रावर घालायची आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत ती उखडून टाकायची, हा उद्योग तिथला थंडीवारा दरसाल बिनबोभाट करतो.

आणि ती फरशी भरीव नसते, ही खरी मौज. खारं पाणी शून्याला गोठत नाही, त्याला उणे पावणेदोन अंशांच्याही खाली जावं लागतं. आणि गोठताना ते मीठ बाहेर ढकलतं. ते मिठवणी बर्फाच्या अंगातून वाट काढत खाली झिरपतं, आणि वाळवीने पोखरलेल्या वाशासारख्या बर्फात नळ्याच नळ्या होतात. त्या नळ्यांत आणि बर्फाच्या खालच्या अंगाला शेवाळ धरतं. सूक्ष्म, एकेका पेशीचं, पण इतकं की उलटी केलेली बर्फाची लादी तपकिरी दिसावी. आपल्या विहिरीच्या पायऱ्यांना जसं बुळबुळीत हिरवं धरतं तसं, फक्त छपराच्या आतल्या बाजूने.

या शेवाळावर कोण जगतं, तर जवळा. आपला सुका जवळा तुम्ही कांद्याबरोबर परतून खाल्लेला आहे. त्याचाच दूरचा, अंगाने थोराड भाऊबंद समजा, बोटाएवढा. त्याला क्रिल म्हणतात. क्रिलची पिल्लं हिवाळाभर बर्फाच्या छताला उलटी लोंबकळून शेवाळ खरवडून खातात. बाहेर सगळं काळंकुट्ट, वर वादळं, आणि खाली ही पोरं आजीच्या कढईची खरपुडी खरवडावी तशी छत खरवडताहेत. ही सगळी क्रिल एका पारड्यात घातली तर तीस-चाळीस कोटी टन भरेल असा अंदाज आहे. जगातली सगळी माणसं दुसऱ्या पारड्यात बसवली तरी काटा साधारण मध्यावरच राहील. आणि या जवळ्यावरच देवमासा जगतो, पेंग्विन जगतो, सील जगतो, आणि आमचं साडेतीन तोळ्यांचं पाखरूही. शंभर टनांच्या निळ्या देवमाशाचं पोट बोटाएवढ्या जवळ्यावर चालतं, यापरतं नवल नाही.

मधेच एक सांगून ठेवतो, नाहीतर विसरेन. हे शेवाळ-प्लवकांचं जग बघायला आपल्याकडच्या एक बाई तिकडे जाऊन आल्या आहेत. अदिती पंत. जन्म नागपूरचा, कॉलेज पुण्याचं, नोकरी गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत. १९८३ मध्ये निघालेल्या भारताच्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अशा दोघी गेल्या, आणि भारताच्या मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाय ठेवणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया. आमच्या शाळेतल्या मुली "बाईंना तिथं थंडी नाही का वाजली?" असं विचारायच्या. मी म्हणायचो, वाजली असणारच, पण ज्याला बघायचं असतं तो दात वाजवत वाजवत बघतो.

आता वासाकडे येतो. या शेवाळाच्या पेशीत गंधक असलेला एक पदार्थ असतो. खारटपणाशी आणि गारठ्याशी झुंजायला त्याला तो लागतो, आपण लोणच्यात तेल घालतो तसा टिकावासाठी. क्रिल शेवाळ चावायला लागली, पेशी फुटली, की त्या पदार्थापासून एक वायू तयार होऊन पाण्याबाहेर पडतो. नाव डायमिथिल सल्फाइड. नाव अवघड आहे, पण तुमची त्याची ओळख जुनी आहे: कोबी शिजायला लागल्यावर स्वयंपाकघरातून येतो ना तो वास, त्यात हा असतो. आणि आपण ज्याला समुद्राचा वास म्हणतो त्यातही हा असतो. म्हणजे बघा, ओटीवर बसून आजी जे हुंगायची, ते कुठेतरी दर्यात कुणीतरी जेवायला बसल्याची वर्दी होती.

ही वर्दी पाखरांनाही कळते, हे शोधून काढलं गॅब्रिएल नेव्हिट नावाच्या अमेरिकन बाईंनी, आणि तेही एका दुखण्यातून. दक्षिण महासागरात समुद्रपक्ष्यांच्या नाकाचा अभ्यास करायला त्या गेल्या होत्या. आता तिथला समुद्र म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेआधीचा समुद्र दहादा घोटून केलेला. जहाजाने असा हेलकावा खाल्ला की बाई फेकल्या गेल्या आणि किडनीला मार बसला. उठता येईना, केबिनमध्ये पडून. जहाजावर पुढच्या सफरीचे शास्त्रज्ञ चढले, ते हवेतल्या वायूंचा अभ्यास करणारे. त्यांच्या प्रमुखाने बाईंना आपले नकाशे दाखवले: समुद्रावर हा वास कुठे दाट आहे, कुठे विरळ. आपल्याला कोरा दिसतो तो समुद्र त्या नकाशावर डोंगर-दऱ्यांसारखा उठून दिसत होता. बाईंच्या मनात आलं, पाखरंही हाच नकाशा वाचत असतील का? मग पुढे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ समुद्रावर तेलाचे तवंग सोडले, काही साधे, काहींत हा वास कालवलेला. वासाच्या तवंगावर वादळपाखरं जमा झाली. १९९५ साली हे छापून आलं, आणि चोचीवरच्या त्या इवल्या नळीचं कोडं उलगडायला लागलं. सगळेच समुद्रपक्षी काही असं करत नाहीत. पण आमच्या सुपातला पाहुणा करतो.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झाली गोष्ट. छे, आता तर ती रंगायला लागली आहे. कारण तो वास सगळाच काही पाखरांच्या नाकात जात नाही. उरलेला वर चढतो, उन्हाने आणि हवेने त्याचं एक आम्ल होतं, ते आम्ल वाऱ्यावर बसून जमिनीकडे येतं आणि हिमाबरोबर अंटार्क्टिकाच्या पाठीवर पडतं. त्यावर पुढच्या वर्षीचं हिम पडतं, त्यावर पुढच्या. थरावर थर, वाण्याच्या वहीसारखी पानावर पान. ज्या हिवाळ्यात समुद्रावर बर्फ जास्त पसरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तो वितळताना शेवाळ जास्त फोफावतं, वास जास्त सुटतो, आणि त्या सालच्या पानावर आम्लाचा डाग गडद उमटतो. ऑस्ट्रेलियाच्या शास्त्रज्ञांनी लॉ डोम नावाच्या बर्फाच्या टेकाडात नळी घालून ही वही बाहेर काढली आणि पानं उलटली. उपग्रहांनी समुद्री बर्फाची नीट मोजदाद सुरू केली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस. त्याच्या आधीचं काय? तर या डागांवरून २००३ मध्ये त्यांनी सांगितलं, की त्या बाजूचा समुद्री बर्फ १९५० नंतर सुमारे वीस टक्क्यांनी मागे हटला. शेवाळाचा वास, आणि त्यावरून पन्नास वर्षांपूर्वीच्या समुद्राचा हिशेब! चुलीच्या राखेवरून गेल्या महिन्यात कुणाच्या घरी काय शिजलं ते सांगणाऱ्या आमच्या आजीलाही हे जमलं नसतं.

याला दुसरा साक्षीदार निघाला तो अगदीच अनपेक्षित जागी, म्हणजे खाटकाच्या वहीत. विसाव्या शतकात माणसाने दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून जास्त देवमासे मारले. ते सांगताना मला लाज वाटते, पण गोष्टीत खोटं सांगू नये. मारणाऱ्या जहाजांना प्रत्येक देवमासा कुठे मारला ते नोंदवावं लागे. आणि देवमासे असत कुठे? जिथे क्रिल, आणि क्रिलची दाटी बर्फाच्या काठाशी. बर्फात तर जहाज घुसत नाही. म्हणजे शिकारीच्या जागा जोडत गेलं की बर्फाचा काठच रेखला जातो. विल्यम द ला मेअर नावाच्या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये तो रेखला आणि दाखवलं, की १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उन्हाळ्यातला बर्फाचा काठ जवळजवळ तीन अंश अक्षांश दक्षिणेला सरकला. यावर पुष्कळ भांडणं झाली. जहाजावरून पाहिलेला काठ आणि उपग्रहाने पाहिलेला काठ एकच कसा, वगैरे. भांडणं व्हावीतच. पण कसायाच्या चोपडीत बकऱ्यांऐवजी कुरणाचा इतिहास सापडावा, हे काय थोडं झालं?

बर्फाच्या वहीची अगदी खालची पानं तर फारच जुनी आहेत. क्लोद लोरियस नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ १९६५ साली अंटार्क्टिकावर दिवसभराचं काम उरकून व्हिस्की घेत बसले होते आणि पेल्यात त्यांनी खोलातून काढलेल्या जुन्या बर्फाचे तुकडे टाकले. बर्फ विरघळायला लागला तसे त्यातून बुडबुडे फुटायला लागले. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, वा, काय मजा! लोरियसांच्या डोक्यात आलं, हिम पडलं त्या काळची हवा यात कोंडलेली आहे. ती मोजता येईल. (आमच्या गावातही संध्याकाळी पेल्यात बघत बसणारे पुष्कळ आहेत, पण त्यांना अजून काही दिसल्याचं ऐकिवात नाही.) व्होस्तोक इथल्या रशियन तळावर बर्फात साडेतीन किलोमीटरहून खोल गेले आणि चार लाख वर्षांची हवा हाती लागली, पुढे युरोपच्या लोकांनी डोम सी इथून आठ लाख वर्षांची काढली. त्या अख्ख्या काळात कार्बन डायऑक्साइड हवेच्या दर दहा लाख भागांत १८० ते ३०० यांच्या दरम्यान हेलकावत राहिला. आज तो ४२० च्या पुढे आहे. आठ लाख वर्षांच्या वहीत असं पान नाही.

अशा बर्फाचे दंडगोल बघायला अंटार्क्टिकापर्यंत जायला नको, बरं का. गोव्यात वास्कोला समुद्राकाठच्या टेकडीवर आपल्या देशाचं ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. बाहेर जांभ्याच्या भिंतींना घाम फुटलेला असतो, फणस पिकून घमघमत असतात, आणि आत एका खोलीत उणे वीस अंशांना अंटार्क्टिकाचा बर्फ जपून ठेवलेला असतो. अंगात जाड कोट घालून माणसं तिथे बर्फ कापतात आणि बाहेर येऊन चहा पितात.

पण समुद्रावरचा तो बर्फ एका साली जास्त, एका साली कमी असं का होतं? त्याचा एक धागा थेट आपल्या अंगणात येतो. विक्रम संवतावरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात तो १८९९ चा. त्याने देश होरपळला आणि सरकारला पावसाचं भाकीत सांगणारा माणूस हवासा झाला. १९०४ साली हवामान खात्याचे प्रमुख म्हणून आले गिल्बर्ट वॉकर. हा माणूस हवामानवाला नव्हताच, केंब्रिजचा गणिती. बूमरँग फेकण्याचा एवढा नाद, की तिकडे त्याला बूमरँग वॉकर म्हणायचे. सिमल्यात बसून त्याने कारकुनांची पलटण लावली, जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडले, आणि त्याला एक तराजू सापडला: प्रशांत महासागरावर दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, इकडे चढला की तिकडे उतरतो. त्याला त्याने 'दक्षिणी दोलन' म्हटलं. पुढे १९२८ मध्ये ते कार्यालय पुण्याला आलं, आणि पुणेकर अजून त्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात. बसच्या कंडक्टरला ते नाव कुठून आलं विचारू नका, तिकीट घ्या आणि उतरा.

तराजूचं दुसरं पारडं पेरूच्या कोळ्यांच्या हाती होतं, पण त्यांना आणि वॉकरला एकमेकांचा पत्ता नव्हता. पेरूच्या किनाऱ्याचं पाणी गार, मासळीने भरलेलं. काही वर्षं मात्र नाताळाच्या सुमाराला ते कोमट होतं आणि मासळी नाहीशी होते. नाताळात येतो म्हणून कोळ्यांनी त्याला 'एल निन्यो', बाळ येशू, असं नाव दिलं. तराजू आणि बाळ हे एकाच घरातले, हे नीट जुळवून दाखवलं याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये. आणि तीनच वर्षांनी बाळ असं काही रडलं! १९७२ ला पेरूची अँकोव्ही, आपल्या मांदेलीच्या जातीची मासळी, कोसळली. आधीच बेसुमार उपसलेली होती, त्यात पाणी तापलं. आणि आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ. मी तेव्हा मामांकडे बार्शीला गेलो होतो. खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावाच्या कामावर सुकडीसाठी लागलेली रांग, आणि लाल मिलोची भाकरी, जी कितीही चावली तरी तोंडात फिरत राहायची. त्या रांगेत उभ्या असलेल्या कुणाला जर सांगितलं असतं, की तुझ्या शेतावर न आलेला पाऊस आणि पेरूच्या कोळ्याचं रिकामं जाळं हे एकाच तराजूचे हेलकावे, तर त्याने मला खुळ्यात काढलं असतं. प्रत्येक एल निन्योला आपला पाऊस बुडतोच असंही नाही. १९९७ चा तर केवढा दांडगा, पण पाऊस व्यवस्थित झाला. हिंदी महासागराचं स्वतःचंही एक पारडं असतं आणि त्याने त्या साली हात दिला.

हा तराजू दक्षिणेच्या बर्फापर्यंत पोचतो. एल निन्योच्या साली अंटार्क्टिकाच्या प्रशांत महासागराकडच्या बाजूला बर्फ कमी धरतो आणि पलीकडे वेडेल समुद्रात जास्त. उलट साली उलट. म्हणजे तराजूखाली आणखी एक तराजू. एका बाजूच्या क्रिलच्या पिल्लांना छप्पर, दुसऱ्या बाजूची उघड्यावर.

हेलकावे असतातच, त्याची भीती नाही. पण अलीकडे काटा वेगळा हलतोय. सप्टेंबर २०१४ मध्ये समुद्री बर्फ दोन कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला, उपग्रहांनी पाहिलेला सर्वांत मोठा. लोक म्हणाले, बघा, कुठे वितळतोय? २०१६ पासून तो घसरला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अठरा लाखांच्याही खाली, उपग्रहांनी पाहिलेला सर्वांत छोटा. त्यात वाऱ्याचा वाटा किती, खालून येणाऱ्या उबदार पाण्याचा किती, यावर अजून खल चालू आहे.

पेंग्विनांना मात्र खल करायला सवड मिळाली नाही. सम्राट पेंग्विन ऐन हिवाळ्यात समुद्राच्या बर्फावर अंडं घालतो; आई दर्यात जाते आणि बाप दोन महिने अंडं पायांवर घेऊन, पोटाची झूल त्यावर ओढून, उपाशी उभा राहतो. पिल्लाच्या अंगावर पाण्याला दाद न देणारी पिसं यायला डिसेंबर उजाडतो. तोवर बर्फ टिकला पाहिजे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउसेन समुद्रात तो आधीच फुटला. तिथल्या पाच वसाहतींपैकी चारांतलं एकही पिल्लू वाचलं नसावं, असं शास्त्रज्ञांनी उपग्रहाची चित्रं पाहून सांगितलं. आकाशातून पेंग्विन दिसत नाही, त्याच्या विष्ठेचे तपकिरी डाग दिसतात. त्या साली डागांखालचा बर्फच नाहीसा झाला.

सगळं सांगून झालं, आता माझं मत सांगतो. मी शाळेत भूगोल एका तासाला आणि जीवशास्त्र दुसऱ्या तासाला शिकवलं, मधे घंटा वाजायची. ती घंटा चुकीची होती. तिकडे दक्षिणेत बर्फाला, शेवाळाला, जवळ्याला, पाखराला आणि पावसाला वेगवेगळे तास नाहीत. एकाचा वास दुसऱ्याच्या नाकात आणि तिसऱ्याच्या वहीत.

आता कंदील मालवायच्या आधी एकच काम सांगून ठेवतो. पावसाळ्यात, वादळाच्या रात्री, समुद्राकाठच्या कुठल्याही घरात असं काळं, बुलबुलाएवढं पाखरू दिव्यावर येऊन पडलं, तर त्याला दूध-पाणी पाजायच्या भानगडीत पडू नका, पोरांच्या हाती खेळायला देऊ नका. दिवे मंद करा. भोकं पाडलेल्या खोक्यात, काळोखात, कोरड्या फडक्यावर ठेवा आणि वनखात्याला कळवा. त्याने तुमच्या अंगावर ओकलं तर रागावू नका. वारा पडला आणि अंगात बळ आलं, की समुद्राकडे तोंड करून सोडा. पुढची वाट ते वासाने काढतं.